एका नावाच्या तीन स्पूल फाइली

बेळगाव, गुरुवार

माल कोल्हापूरला जावो की हुबळीला, वस्तूंच्या जीएसटी बिलाच्या प्रती तीनच: मूळ घेणाऱ्याची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी विकणाऱ्याची. उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीसाठी आयबीएम आय या संगणक प्रणालीवर, म्हणजे १९८८ सालच्या एएस/४०० च्या आजच्या अवतारावर, आरपीजी या भाषेत बिलाचा प्रोग्रॅम लिहिताना प्रत्येक प्रतीसाठी प्रिंटर फाइल (छपाईचा साचा) वेगळी उघडली, की एकाच जॉबमध्ये (कामाच्या एका चालू फेरीत) एकाच नावाच्या तीन स्पूल फाइली, म्हणजे छपाईची वाट पाहणारे मजकूर, उभ्या राहतात. यातली आत्ताची कोणती, हे प्रोग्रॅमला कळायलाच हवं.

नुसत्या नावावरून शोधणं मला पटत नाही. स्पूल फाइलीचे गुणधर्म देणाऱ्या क्यूयूएसआरएसपीएलए या एपीआयला, म्हणजे सिस्टिमच्या तयार प्रोग्रॅमला, स्पूल क्रमांक (जॉबमधल्या फाइलीचा अनुक्रमांक) ० दिला, तर त्या नावाची एकच फाइल असावी लागते. तीन असल्या की सीपीएफ३३४० ही चूक येते. -१ दिला तर सर्वांत मोठा क्रमांक, म्हणजे फक्त शेवटची प्रत. आणि कुणी ओव्हरराइड (प्रोग्रॅम न बदलता बाहेरून दिलेला बदल) करून स्पूल फाइलीचं नावच बदललं असेल, तर सीपीएफ३३०३, म्हणजे फाइल सापडली नाही.

भरवशाचा मार्ग म्हणजे क्यूएसपीआरआयएलएसपी हा दुसरा एपीआय. जॉबनं शेवटची तयार केलेली स्पूल फाइल कोणती, ते तो सांगतो. पॅरामीटर चारच: उत्तराची जागा, तिची लांबी, 'एसपीआरएल०१००' हा फॉरमॅट आणि एरर कोड. उत्तर ७० बाइटचं. आरपीजीत मोजलं तर ९ ते १८ फाइलीचं नाव, १९ ते २८ जॉबचं नाव, २९ ते ३८ युजर, ३९ ते ४४ जॉब क्रमांक, ४५ ते ४८ चार बाइटचा बायनरी स्पूल क्रमांक, मग सिस्टिमचं नाव, ५७ पासून तारीख, ६५ पासून वेळ. माहितीपत्रकात ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर) ० पासून दिलेले असतात आणि आरपीजीतल्या जागा १ पासून. ते एक मिळवायचं राहिलं की नावाच्या आधी एक परका बाइट येतो आणि शेवटची जागा तुटते.

स्पूल फाइल जन्मते ती प्रिंटर फाइल उघडताना. म्हणून ओपननंतर लगेच, दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला कॉल करण्याआधी, ओळख घ्यावी. मध्ये एखाद्या प्रोग्रॅमनं डंप (तपासासाठी मेमरीची छापील नोंद) काढला तर 'शेवटची' म्हणून तोच हाती येईल. पानांची संख्या मात्र क्लोजनंतर विचारावी. फाइल उघडी असताना आकडा पूर्ण नसतो. त्यासाठी हीच ओळख क्यूयूएसआरएसपीएलएला द्यावी: जॉब, युजर आणि क्रमांक मिळून २६ अक्षरं, फाइलीचं नाव, स्पूल क्रमांक. 'एसपीएलए०१००' मध्ये स्थिती, एकूण पानं, आउटपुट क्यू (छपाईची रांग) सगळं मिळतं.

एरर कोडचे पहिले चार बाइट ० ठेवले तर चूक एस्केप मेसेज होऊन प्रोग्रॅम पाडते. तिथं निदान १६ ठेवावेत, म्हणजे मेसेजचा क्रमांक हातात येतो आणि प्रोग्रॅम चालू राहतो.

सर्व्हर जॉबमध्ये (इतरांच्या विनंत्या पार पाडणाऱ्या जॉबमध्ये) युजर प्रोफाइल बदललेलं असलं तर फाइल क्यूपीआरटीजॉब या जॉबच्या नावावर पडते. म्हणून ही ओळख ज्या टेबलमध्ये साठवाल, त्यात आपल्या जॉबचं नाव डोळे झाकून भरू नये. एपीआयनं दिलेलंच भरावं. तारीख सीवायवायएमएमडीडी या सात अंकी रूपात येते: १२६०३१४ म्हणजे १४ मार्च २०२६. पुढे एसक्यूएलनं क्यूसिस२ या लायब्ररीतल्या आउटपुट-क्यू-एंट्रीज व्ह्यूमध्ये शोधायचं असेल तर जॉबचं नाव क्रमांक/युजर/नाव या उलट क्रमात आणि तिरक्या रेघांनी जोडून द्यावं लागतं.

छापून झालेली फाइल प्रिंटर फाइलीवर सेव्ह (छापल्यावर ठेवायची का) 'नो' असेल तर निघून जाते आणि मागाहून विचारल्यावर सीपीएफ३३४४, म्हणजे फाइल आता सिस्टिमवर नाही, असा संदेश येतो. बिलांच्या प्रिंटर फाइलीवर सेव्ह 'यस' ठेवा, आणि वर्ष संपल्यावर जुन्या फाइली काढायचं काम कुणाचं, ते आधीच ठरवून घ्या.