यल्लम्माच्या डोंगरावरचा मंगळवार

सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर मी गाईडचं काम करते. माहेर खानापूर तालुक्यातलं, घरात मराठी आणि बाजारात कन्नड. म्हणून महाराष्ट्रातली माणसं बहुतेक माझ्याच वाट्याला येतात.

त्या मंगळवारी पुण्याची मंडळी होती. त्यांना थेट वर जायचं होतं, पण मी आधी जोगुळभावीच्या कुंडावर नेलं. भक्त तिथं अंघोळ करून मगच डोंगर चढतात, आणि ही रीत बघितल्याशिवाय देऊळ कळत नाही असं माझं ठाम मत आहे. यल्लम्मा म्हणजेच रेणुका; तिची गोष्ट तिथंच सांगितली. वाळूचा घडा आणि सापाची चुंबळ करून ती मलप्रभेचं पाणी आणायची. ही मलप्रभा आमच्या कणकुंबीत उगम पावते, हे सांगताना माझा आवाज चढतोच! सौंदत्ती म्हणजे जुनं सुगंधवर्ती, रट्ट राजांची बेळगावच्या आधीची राजधानी, हे वाटेत उरकलं.

वर देवळापाशी कॅमेरावाल्या गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, इथं देवदासी कुठं बघायला मिळतील?"

शिखराविषयी विचारावं तसं विचारलं त्यांनी. मनात वाईट काही नसावं, पण मला ते लागलं. मी सांगितलं, मुलगी देवीला सोडणं, म्हणजे देवदासी करणं, गुन्हा आहे. हा भाग मुंबई इलाख्यात होता तेव्हा 1934 साली पहिला कायदा झाला आणि 1982 साली कर्नाटकानं स्वतःचा केला. लहानपणी ज्यांना सोडलं त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्यात. देवीला येतात, परडी घेऊन जोगवा मागतात. त्या बघायची वस्तू नव्हेत.

जवळच एक जोगतीण, म्हणजे देवीला सोडलेली बाई, डोक्यावरचा जग (देवीची मूर्ती बसवलेली टोपली) खाली ठेवून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कॅमेरा वर गेलेला बघून मी मधे उभी राहिले आणि विचारलं, "मावशी, फोटो काढू दे का यांना?"

"जगाचा काढ म्हणावं. माझा नगं," ती म्हणाली. मग त्यांच्याकडं वळून, "कायदा झाला तवा मला सोडून लई वर्सं झालीवती, बाबा. पण माझ्या लेकीला न्हाई सोडली. घरातली समदी अंगावर आली, तरी न्हाई सोडली. ही बाय कायद्याचं सांगतीया, त्याच्यात माझं बी घाल की."

गृहस्थांनी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि तिच्यासमोर खाली बसले. तिनं त्यांच्या कपाळाला भंडारा लावला. मग मला बोलावून हळूच नाव, गाव आणि लेक काय करते ते सांगितलं.

तेव्हापासून 1934 आणि 1982 च्या मागोमाग मी सांगते, की याच डोंगरावर येणाऱ्या एका आईनं घरादाराशी भांडून आपली मुलगी वाचवली.

खाली उतरताना गृहस्थांनी विचारलं, "त्या बाईंचं नाव काय? गाव कुठलं?"

"ते त्यांनी मला सांगितलंय," मी म्हटलं, आणि त्यांना परसगड किल्ल्याची वाट दाखवली.