भिंतीवरची काठी

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं आहेत. एक आई दर दिवाळीला फराळाबरोबर पाठवते ते कालनिर्णय. ऑस्लोपर्यंत येताना चकलीच्या तेलाचा एखादा डाग त्याच्यावर पडलेला असतोच. दुसरी आहे हातभर लांबीची चपटी लाकडी काठी. शेजारच्या आजीबाई मोठं घर सोडून लहान घरात आल्या, तेव्हा त्यांनी ती मला देऊन टाकली. तिला इकडे ‘प्रिमस्ताव’ म्हणतात. कडेनं प्रत्येक दिवसाची एक खाच आणि महत्त्वाच्या दिवसांवर कोरलेलं एकेक चित्र, एवढंच. अक्षर एकही नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं हे पंचांग.

काठीला दोन बाजू आहेत, एक हिवाळ्याची आणि एक उन्हाळ्याची. १४ ऑक्टोबरला ती उलटायची, १४ एप्रिलला पुन्हा उलटायची. वर्षाचे भाग दोनच. वसंत, शरद वगैरे लाड नाहीत. हिवाळ्याच्या पहिल्या खाचेवर हातमोजा कोरलाय आणि उन्हाळ्याच्या पहिल्या खाचेवर झाड. मला हा हातमोजा फार आवडतो. ऋतू बदलल्याचं याहून सरळ कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

डिसेंबरात सकाळी नऊला आईचा फोन येतो. तिकडे दुपारचा दीड, तिचं जेवण आटोपून हातात बडीशेप आलेली. पहिला प्रश्न ठरलेला, “उजाडलं का गं तिकडे?” मी खिडकीबाहेर बघते. रस्त्यावरचे दिवे चालू असतात, बालवाडीतली पोरं अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या बांधून चाललेली असतात. २१ डिसेंबरला इथं सव्वानवानंतर सूर्य उगवतो आणि सव्वातीनच्या आत मावळतो. सहा तासांचाही दिवस नाही. “होतंय, होतंय,” म्हणते मी. आईला ते उत्तर कधीच पटत नाही. होतंय म्हणजे काय, दूध तापतंय का?

अशा दिवसांत काठीची हिवाळी बाजू रोज बघायची सवय लागते. ३० नोव्हेंबरला माशाचा गळ. आता नाताळासाठी मासे पकडायला लागा, असा निरोप. १३ डिसेंबरला लुस्सी, जुन्या समजुतीप्रमाणे वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. खरं तर सगळ्यात मोठी रात्र आठवडाभरानं येते. पण जुनं ज्युलियन कॅलेंडर शतकामागून शतक घसरत गेलं आणि चौदाव्या शतकाच्या सुमाराला ती रात्र तेराला पडत होती. पुढे १७०० साली डेन्मार्क-नॉर्वेनं कॅलेंडर सुधारलं, १८ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च उजाडला, अकरा दिवस गायब झाले. लुस्सी मात्र तेरालाच राहिली.

आणि मग २५ जानेवारी. त्या खाचेवर धनुष्य आहे.

आजीबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “पोल मेद बोगेन.” म्हणजे धनुष्यवाला पोल. हा दिवस सेंट पॉलचा, त्याच्या मनःपरिवर्तनाचा. दमास्कसच्या वाटेवर आकाशातून लख्ख प्रकाश पडला, तो जमिनीवर कोसळला, काही दिवस त्याला दिसेनासं झालं, ती गोष्ट. मी म्हटलं, पण यात धनुष्य कुठंय? आजीबाईंनी खांदे उडवले. गोष्टीत प्रकाश आहे आणि काठीवर धनुष्य आहे, एवढं मात्र खरं. त्या दिवशी आभाळ निरभ्र असलं तर वर्ष चांगलं जातं, असं त्यांची आई म्हणायची.

मला असं काही अर्धवट कळलं की झोप येत नाही. बाहेर अंधार असल्यामुळे वाचायला वेळ भरपूर.

चर्चच्या आधी इकडचे देव वेगळे होते. तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या आइसलँडच्या माणसानं त्यांच्या गोष्टी लिहून ठेवल्या, म्हणून त्या उरल्या. प्रकाशाचा देव म्हणावा तर तो बाल्डर. इतका देखणा आणि तेजस्वी की त्याच्यापासून उजेड पडतो. त्याच्या आईनं जगातल्या प्रत्येक वस्तूकडून त्याला इजा न करण्याची शपथ घेतली. एक कोवळं बांडगूळ तेवढं राहिलं, फारच लहान म्हणून. लोकी नावाच्या कपटी देवानं नेमकं तेच आंधळ्या होडरच्या हातात दिलं, नेमही स्वतःच धरून दिला, आणि बाल्डर गेला. आमच्या मागच्या अंगणात आंब्यावरचं बांडगूळ काढताना आजोबा त्याला शिव्या घालायचे. त्यांना ही गोष्ट सांगितली असती तर म्हणाले असते, बघ, मी म्हणत नव्हतो?

बाल्डरचा सूड घ्यायला ओडिनला, म्हणजे या देवांच्या राजाला, एक मुलगा होतो. जन्मून एक रात्र झाली नाही तोच तो होडरला मारतो. तोवर हात धुवायचे नाहीत, केस विंचरायचे नाहीत. स्नोरी म्हणतो, हा लढाईत निधडा आणि नेमबाजीत अचूक. त्याचं नाव वाली. आपल्याकडचा वाली झाडाआडून आलेल्या बाणानं मरतो, इथला वाली स्वतः तिरंदाज. नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण हे वाचताना मी एकटीच हसले. एकोणिसाव्या शतकातल्या काही पंडितांना वाटलं, जानेवारीच्या शेवटी उजेड परत आणणारा तिरंदाज हाच, आणि पोलच्या हातातलं धनुष्यही त्याचंच. काहींनी तर त्याला ओढत ओढत व्हॅलेंटाइनपर्यंत नेलं. नाव कानाला सारखं वाटलं की नातं जोडायचं, हा उद्योग आपल्याकडेही जोरात चालतो. त्यामुळे मला त्यांचा राग आला नाही, विश्वासही बसला नाही.

माझा कल दुसऱ्या एकाकडे आहे. त्याचं नाव उल्ल. नॉर्वेजियनमध्ये ‘उल्ल’ म्हणजे लोकरसुद्धा. शब्द वेगळे, स्पेलिंग एकच. इथं आल्यावर पहिल्या हिवाळ्यात आतले कपडे घेताना प्रत्येक लेबलवर ‘शंभर टक्के उल्ल’ वाचलं होतं. त्यामुळे देवाचं नाव भेटलं तेव्हा डोळ्यांसमोर गुडघ्यापर्यंतची लोकरी विजार आली आणि ती काही केल्या जात नाही. हा ‘थोर’ नावाच्या गडगडाटाच्या देवाचा सावत्र मुलगा. स्कीवर आणि धनुष्यात त्याच्याशी बरोबरी करणारा कुणी नाही, असं स्नोरी सांगतो. द्वंद्वाला उभं राहताना त्याचा धावा करायचा. त्याच्या घराचं नाव ‘यूदालिर’, म्हणजे यू झाडांच्या दऱ्या. यूच्या लाकडाची धनुष्यं उत्तम होतात. सुताराच्या घराला सागवाडी म्हणावं, तसं हे.

त्याच्याबद्दल गोष्टी जवळजवळ नाहीत. पण गावांच्या नावांत तो जागोजागी आहे. ऑस्लोचा विमानतळ ज्या उल्लेनसाकर भागात आहे, त्याचा अर्थच उल्लचं शेत. म्हणजे पुण्याहून पिशवीत गोडा मसाला घेऊन मी उतरले ती थेट त्याच्या शेतात, आणि मला कुणी सांगितलं नाही. स्वीडनमध्ये उप्सालाजवळ बोक्स्टा इथं अकराव्या शतकातली एक कोरीव शिळा आहे, तिच्यावर स्कीवर उभा राहून धनुष्य ताणणारा माणूस दिसतो. पुष्कळांच्या मते हाच तो. लिला उल्लेवी नावाच्या जागी २००७ साली खणलं तेव्हा पासष्ट लहान कड्या सापडल्या. जुन्या काव्यात उल्लच्या कडीवर हात ठेवून शपथ घेतल्याचा उल्लेख येतो. त्या पासष्ट कड्यांवर कुणी काय काय कबूल केलं असेल, याचा विचार करत मी एकदा भात करपवला आहे.

आणि नावाचा अर्थ? जुन्या जर्मानिक भाषांत तो शब्द तेज, वैभव याच्या जवळचा. म्हणून कुणी त्याला हिवाळ्याच्या आकाशाचा देव म्हणतं, कुणी उत्तरेकडच्या हिरव्या प्रकाशाचा. असेलही. पण मला वाटतं, हिवाळ्यात धनुष्य येतं ते आधी पोटासाठी. उन्हाळ्यात रानात एल्क हरणाच्या मागे धावणं माणसाचं काम नाही. बर्फ पडला की पावलं दिसतात, जड जनावर बर्फात रुततं आणि स्कीवरचा माणूस वरच्या वर सरकत त्याला गाठतो. गळ, हातमोजा, धनुष्य: काठीवर कोरलेलं सगळं हातात धरायचं किंवा हातात घालायचं आहे. तेज वगैरे नंतर, पोट भरल्यावर.

उल्ल गेला असं मला वाटतही नाही. जानेवारीतल्या शनिवार-रविवारी अख्खा देश टीव्हीसमोर बसून स्की-नेमबाजी बघतो. धापा टाकत आलेला खेळाडू आडवा पडतो, पन्नास मीटरवरच्या पाच काळ्या ठिपक्यांवर पाच गोळ्या. ठिपका साडेचार सेंटीमीटरचा. चुकला की दीडशे मीटरची शिक्षेची फेरी. आजीबाई एरवी मोठ्यानं बोलत नाहीत, पण तेव्हा भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येतो. पाचवा ठिपका पांढरा झाला की टाळीही.

आता मी ज्यांना हसले त्या पंडितांसारखंच थोडं करते. जुन्या काव्यात देवांच्या बारा घरांची यादी आहे, ती त्यांनी बारा राशींवर बसवली आणि उल्लच्या घराला धनू रास दिली. हे वाचून मी कालनिर्णयाकडे वळले. १६ डिसेंबर, धनुर्मासारंभ. घरी आजी अंधारात उठायची, मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि सूर्य उगवायच्या आत नैवेद्य. तेवढाच एक महिना आमच्याकडे पहाटे जेवण मिळायचं. आम्ही मुलं झोपेत भाकरी कुस्करायचो आणि अंगणातून कुणीतरी ओरडायचं, आवरा, उजाडतंय! राशी आपल्याकडे आणि युरोपात एकाच जुन्या बाबिलोनी-ग्रीक वाटेनं आल्या, त्यामुळे धनू रास दोन्हीकडे असण्यात नवल नाही. पण अंधारात उठून, हातावर ऊब धरून, उजाडायची वाट बघणं मात्र मला इथं नऊ वर्षांनी नीट कळलं. तेव्हा मी फक्त लोणी बघत होते.

जानेवारी सरत आला की दिवस रोज चार-पाच मिनिटांनी वाढतो. पंचवीसच्या सुमाराला साडेसात तासांचा होतो. दुपारी सूर्य समोरच्या इमारतीच्या छपरावरून आमच्या ओट्यावर येतो, वीस मिनिटं थांबतो. रियुकान गावाला तेवढंही नाही. डोंगरांमुळे सप्टेंबर ते मार्च ऊन खाली येतच नाही, म्हणून २०१३ मध्ये त्यांनी कड्यावर तीन मोठे आरसे बसवले. ते सूर्याबरोबर फिरतात आणि ऊन नेम धरून खालच्या चौकात टाकतात. लोक खुर्च्या घेऊन त्या तुकड्यात बसतात. आईला फोटो पाठवला, तर म्हणाली, “लहानपणी तू वर्गात बाईंच्या डोळ्यांवर आरसा मारायचीस, तसंच आहे की.”

यंदाचं कालनिर्णय बघताना एक गंमत लक्षात आली. २०२६ मध्ये २५ जानेवारीला, रविवारी, रथसप्तमी आहे. एका भिंतीवर सूर्याचा रथ आणि त्याच भिंतीवर धनुष्यवाला पोल, एकाच खाचेवर. आईला सांगितलं. तिला पोलचं काही वाटलं नाही. “दूध ऊतू घालशील ना?” एवढंच विचारलं. गोवरी नाही, तुळस नाही, अंगण नाही, इंडक्शनवर दूध ऊतू गेलं की शेगडी टीं टीं करून आपोआप बंद पडते, हे सगळं तिला समजावलं. ती म्हणाली, “बोळकं तरी आहे ना? संक्रांतीचं सुगड पाठवलं होतं. बाल्कनीत चार मेणबत्त्या लाव खाली. आणि दूध कुठल्या अंगाला सांडतं ते बघून सांग.”

आजीबाईंना जिन्यात गाठून बोलावलंय. वॅफल्स आणते म्हणाल्या. पूर्वेकडे सांडलं तर चांगलं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे प्रत्येक घरी वेगळं सांगतात. मग असं ठरलं की दुधावर मी लक्ष ठेवायचं, आभाळाकडे त्यांनी बघायचं, आणि नऊनंतर जमायचं. त्याच्या आधी काही दिसायचं नाही.