नकाशात नसलेला नाला

माझ्याकडे आलेल्या नकाशात नाला नव्हताच. नागपूरच्या बेसा-बेलतरोडीच्या पुढचा १४ हेक्टरचा लेआउट. प्लॉट, रस्ते, १० टक्के मोकळी जागा, आणि मधून पावसाच्या पाण्यासाठी ९०० मिलिमीटरचा एक पाइप. मला फक्त हिशेब तपासायचा होता. पण गावनकाशा काढला, तर त्याच सर्व्हे नंबरांतून नाल्याची रेघ सरळ गेलेली. सर्व्हेअरला घेऊन मी जागेवर गेलो.

आधीच्या सल्लागाराचा गुणाकार बरोबर होता. रॅशनल पद्धतीत रनऑफ गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा), तीव्रता म्हणजे तासाला किती मिलिमीटर पाऊस आणि किती हेक्टर क्षेत्र यांचा गुणाकार करून ३६० ने भागायचं. गुणांक ०.४५, तीव्रता ६०, क्षेत्र १४, उत्तर १.०५ क्युमेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनमीटर पाणी. तीनशेला एक उतारावर ९०० चा पाइप तुडुंब भरून तेवढंच नेतो. वरच्या अंगाला असलेलं ६२ हेक्टरचं पाणलोट मात्र हिशेबात कुठेच नव्हतं. हे मी सारखं पाहतो आणि दर वेळी संताप येतो. काही जण तर दिवसभराच्या पावसाला २४ ने भागून तीव्रता काढतात. नागपूरचा पाऊस तसा पडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. त्यानंतर तरी हा भागाकार बंद व्हायला हवा होता.

मे महिना होता. नाला ठणठणीत कोरडा, दोन्ही काठांना बेशरमची झुडपं. वरच्या शेतात काळ्या मातीला अशा भेगा की टेपची पट्टी हातभर आत गेली. त्या शेताचे मालक, सत्तरीतले आजोबा, धुऱ्यावर येऊन उभे राहिले. मी विचारलं, "आजोबा, पाणी किती येतं इथे?"

"आता भेगा पायता ना तुमी? जूनचं पानी हे माती पेते, साहेब. पोया झाला का मंग एक घोट बी घेत नाई. समदं खाली."

गुणांकाच्या तक्त्यात हे वाक्य नाही. काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज ओलं झालं की फुगतं, भेगा मिटतात आणि पाणी मुरणं जवळजवळ थांबतं. म्हणजे एकाच शेताचा गुणांक जूनमध्ये एक आणि पोळ्यानंतर भाद्रपदात दुसरा. मी शेतांना भिजलेल्या जमिनीचा ०.५ धरला, लेआउटला रस्ते-छपरं झाल्यावरचा ०.७. वरच्या टोकापासून पाणी खाली यायला किर्पिचच्या सूत्राने सुमारे ३० मिनिटं, म्हणून तेवढ्या वेळाच्या पावसाची तीव्रता ६० च ठेवली. उत्तर आलं ६.८ क्युमेक.

नुसत्या सूत्रावर मी थांबत नाही. बेशरमच्या फांद्यांत गेल्या पावसाळ्यातला कचरा अडकलेला होता, प्लॅस्टिक, तणसाच्या गुंडाळ्या, दोन्ही काठांना एकाच उंचीवर. त्या खुणांवर स्टाफ, म्हणजे उंची मोजायची पट्टी, उभी करून आम्ही नाल्याचे छेद घेतले, तळाचा उतार मोजला, झुडपांमुळे मॅनिंगचा n, म्हणजे पाण्याला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा, ०.०४ धरला. त्यावरून नाल्यातलं पाणी सहा क्युमेकच्या थोडं वर आलं. दोन वेगळ्या वाटांनी आकडे इतके जवळ येणं क्वचितच घडतं. त्या संध्याकाळी मला खरंच समाधान वाटलं.

बिल्डरने आधी वाद घातला, मग खुणांचे फोटो पाहून मानलं. पाइपाऐवजी अडीच मीटर रुंद, दीड मीटर खोल उघडी नाली मंजूर झाली आणि तिच्यासाठी काही प्लॉटही सुटले. हे त्यांनी केलं, याचा मला आदर आहे.

अडलंय ते पुढे. लेआउटच्या खालच्या रस्त्याखाली जुनी, अरुंद पुलिया आहे आणि तिच्यापलीकडे घरं. आता आमची नाली तिथे पाणी आधीपेक्षा लवकर आणि जास्त नेणार. १४ हेक्टरचा गुणांक ०.५ वरून ०.७ झाला की वाढणारं पाणी अर्ध्या क्युमेकच्या आत. अर्ध्या तासाचं साठवायला सुमारे ८५० घनमीटर जागा लागते. मोकळी जागा १.४ हेक्टर आहे. तिथली बाग भोवतालपेक्षा फूटभर खाली घेतली, तर याच्या कितीतरी पट मावतं. पाऊस थांबल्यावर ते एका लहान पाइपातून हळूहळू निघून जाईल.

"बागेत पाणी साचलेलं दिसलं तर प्लॉट कोण घेईल?" हे बिल्डरचं उत्तर. मंजुरी देणाऱ्या कार्यालयात विचारलं, तर कळलं की लेआउटचं पाणी हद्दीबाहेर सुरळीत काढलं की आमची अट पूर्ण होते. पुलियाचा प्रश्न वेगळ्या विभागाचा. त्या विभागाला मी छेद, हिशेब आणि खुणांचे फोटो जोडून पत्र दिलं आहे. बागेचा तळ अजून खोदलेला नाही, म्हणून फूटभर खाली घेतलेला बागेचा नकाशाही मी स्वतःहून काढून बिल्डरकडे पाठवला आहे. उत्तर दोन्हीकडून यायचंय.