तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्लिश येत नव्हतं, मग तिकडं काम कसं भेटलं?

सोलापुरात आले की हा प्रश्न ठरलेला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या शाळांची उन्हाळी सुट्टी आणि आपला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, एकाच वेळी येतात, त्यामुळे जमेल तेव्हा मी जानेवारीतच येते, आणि मग संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला जिथं जाईन तिथं कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, ताई तुम्ही मराठी मिडियमच्या, दहावीला इंग्लिशमध्ये कशाबशा सुटलेल्या, तुम्हाला तिकडं काम दिलं कुणी? कुणी स्वतःसाठी विचारतं, कुणी सुनेसाठी, आणि काहीजणी नुसत्याच विचारतात, त्यांचंही बरोबर आहे. म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं.

पहिली गोष्ट, इंग्लिश कमी असलं की काम मिळत नाही असं अजिबात नाही. मिळतं. पटकन मिळतं. फक्त स्वस्तात मिळतं. तुम्हाला दर विचारता येत नाही हे समोरच्याला पहिल्या दोन मिनिटांत कळतं आणि तो त्या हिशोबाने बोलतो. म्हणून इंग्लिश शिकायचं ते नोकरी मिळवायला नाही, पगार विचारायला शिकायचं, असं माझं मत झालंय आणि ते अजून बदललेलं नाही.

आणि सोलापूरच्या माणसाने भाषेला घाबरावं हे तर मला पटतच नाही. अशोक चौकाच्या बाजूला ज्या युनिफॉर्मच्या कारखान्यात मी शिवायला बसायचे तिथं अर्ध्या बायका तेलुगू, कटिंग मास्टर उर्दूवाले, मालकांच्या घरी कन्नड, आणि माल सगळा मराठी शाळांचा. मला तेलुगू कुणी शिकवलं? बॉबिन संपली, धागा दे, या आठवड्याचा हिशोब झाला का, एवढं आधी आलं, मग शिव्या आल्या, मग हळूहळू एकमेकींच्या सासवांच्या तक्रारी पण कळायला लागल्या. तेव्हा कुणी म्हटलं नाही की आधी तेलुगूचा क्लास कर आणि मग मशीनवर बस.

तर आमचं असं झालं की ह्यांचा व्हिसा फिटरच्या ट्रेडवर झाला, पर्मनंट रेसिडेन्सीचा, आणि बायको म्हणून माझं नाव त्यात. इथं एक गोष्ट नीट ऐका, एजंट लोक ही शेवटी सांगतात. अशा व्हिसात बायकोला किंवा नवऱ्याला पण थोडंफार इंग्लिश येतं हे दाखवावं लागतं, आयईएलटीएस म्हणून इंग्लिशची परीक्षा असते, तिच्यात सरासरी 4.5 आले तरी चालतं, आणि नाही दाखवता आलं तर जादा फी, पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात. आम्ही ती फी भरली. सोसायटीचं कर्ज काढून. तुमच्या हातात सहा महिने असतील तर अभ्यास करा हो, 4.5 म्हणजे काही फार मोठं दिव्य नाही, तेवढ्या पैशात इथं दोन चांगल्या मशिनी येतील.

तिकडं गेल्यावर मात्र सरकारचा इंग्लिशचा फुकट क्लास असतो, अ‍ॅडल्ट मायग्रंट इंग्लिश प्रोग्रॅम, 1948 पासून चालू आहे. आमच्या वेळी 510 तासांची मर्यादा होती, ती 2021 मध्ये काढून टाकली. लहान पोरं असतील तर क्लासच्या वेळेत त्यांना सांभाळायची सोय पण फुकट. पण हे पर्मनंटवाल्यांना आणि ठराविक व्हिसावाल्यांनाच, स्टुडंट व्हिसावर जाणाऱ्या पोरांनी याच्या भरवशावर राहू नये.

क्लास चांगला होता, खोटं कशाला बोलू, पण सुरुवातीला वीकेंडला काय केलं आणि आज हवा कशी आहे हेच चाललेलं. मला मेलबर्नच्या हवेबद्दल काही बोलायचं नव्हतं. मला विचारायचं होतं ओव्हरटाइमचे किती. एक दिवस मी तसं टीचरला तोडक्यामोडक्यात सांगितलं, तर ती बाई दुसऱ्या दिवशी नाव खोडलेली एक पेस्लिप घेऊन आली, सगळ्यांना झेरॉक्स वाटल्या आणि एकेक ओळ वाचून घेतली, तास किती, तासाचा दर काय, टॅक्स किती कापला, सुपर म्हणजे आपल्या पीएफसारखं ते किती. माझं खरं शिक्षण त्या कागदावर झालं.

याच दरम्यान एका बाईंनी घरी बसून शर्ट शिवायचं काम देऊ केलं. छान हिंदीत बोलायच्या, चहा पाजायच्या, इंग्लिशची काही गरज नाही म्हणाल्या, कागदबिगद काही नाही, रोख पैसे, एका शर्टाला तीन डॉलर. तासाला तीन शर्ट होतात म्हणजे नऊ डॉलर. आता नवीन गेलेला माणूस काय करतो, लगेच पन्नासने गुणतो, साडेचारशे रुपये तासाला, बापरे! हा गुणाकार फार वाईट. दूध, भाडं, बस सगळं तिथं डॉलरमध्येच द्यायचं असतं. 2017 साली तिथला कमीत कमी दर तासाला 18.29 डॉलर होता, म्हणजे बाई मला सरळ सरळ निम्मे देत होत्या, वर मशीन माझी आणि वीज माझी. मी नाही म्हटलं. घरी बसून पीसवर काम म्हणजे कामगार नाही असं त्या बोलता बोलता म्हणाल्या होत्या, पण सोलापूरच्या बाईला हे कोण सांगणार? आपल्याकडं घरी विड्या वळणाऱ्या बायकांना 1966 च्या कायद्यापासून कामगारच धरलेलं आहे. ऑस्ट्रेलियाने पण 2012 साली कायदा बदलून घरून शिवणाऱ्यांना कामगारांचेच हक्क दिलेत.

कारखान्याचं काम मिळालं ते क्लासमधल्या एका व्हिएतनामी मैत्रिणीमुळे. दोघींचं इंग्लिश सारखंच, त्यामुळे आमचं मस्त जमायचं. तिच्या ओळखीच्या ठिकाणी रस्त्यावर काम करणाऱ्यांचे ते भडक केशरी शर्ट शिवतात, चमकणाऱ्या पट्ट्यावाले. आत गेले तर समोर जुकी कंपनीच्या शिलाई मशिनी, अशोक चौकात होत्या तशाच, फक्त जमीन स्वच्छ. सुपरवायझर बाईंनी एक तयार शर्ट आणि कापलेले भाग समोर ठेवले, काहीतरी भराभर बोलल्या, मला त्यातलं ‘पॉकेट’ तेवढं कळलं. मी तो शर्ट आधी उलटा केला. आतून बघितलं की कळतं आधी काय जोडलंय, खिसा कधी बसवलाय, पट्टी बाजूच्या शिलाईच्या आधी लावलीय का नंतर. आधीच होती. म्हणजे खरी मेख बाजूच्या शिलाईत, पुढची पट्टी आणि मागची पट्टी तिथं एका रेषेत भेटली पाहिजे, दोऱ्याएवढा पण फरक लांबून दिसतो कारण ती चमकतेच त्यासाठी. मी तिथं टाचण्या मारून घेतल्या, सावकाश शिवलं, खिशाचं झाकण मात्र भराभर उरकलं कारण तो आपला रोजचा हात. बाईंनी झालेला शर्ट हातात घेतला, खिसा बघितलाच नाही, दोन्ही बाजूच्या पट्ट्या फक्त बघितल्या आणि म्हणाल्या, मंडे, सेव्हन.

मग मी माझं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, हाउ मच पर आवर, प्लीज राइट. त्यांनी पॅटर्नच्या पुठ्ठ्यावर आकडा लिहिला, तो पुठ्ठा मी घरी घेऊन आले, ह्यांनी बघितला, बरोबर होता.

ट्रायल मागितली तर द्यायची, लाजायचं नाही. पण हात दाखवण्यापुरती. एखादा तास, फार तर एक शिफ्ट, त्याच्या पुढं फुकट राबवून घेणं बेकायदा आहे, आठवडाभर शीक मग बघू म्हणणाऱ्याला नमस्कार करायचा आणि घरी यायचं. आकडे सांगायचे तर जुलै 2025 ला कमीत कमी दर तासाला 24.95 डॉलर झाला, कॅज्युअल, म्हणजे पक्की नोकरी नसलेल्या, असाल तर त्यावर 25 टक्के जास्त, सुपर 12 टक्के वेगळं, आणि पगार झाल्यापासून कामाच्या एका दिवसात पेस्लिप हातात पडली पाहिजे. अडलंच कुठं तर 131 450 ला फोन करून आपल्या भाषेचा दुभाषी मागता येतो, तो चोवीस तास चालू असतो, आणि मागायला लाज कसली.

गल्फला जाणारी पोरं पण विचारतात, काय ओ ताई, तिकडं तर हिंदीवर भागतं ना. भागतं बे, पण कागद हिंदीत नसतात. दहावी पास नसाल तर पासपोर्ट ईसीआरचा असतो आणि 18 देशांत कामाला जायच्या आधी सरकारची परवानगी लागते. एजंट ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर नोंदलेला आहे का ते आधी बघा, त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, पावतीसकट. लाख-दीड लाख मागणारा आणि व्हिजिट व्हिसावर जा मग तिथं बदलून घेऊ म्हणणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. 10 लाखांचा सरकारी विमा दोन वर्षांना 275 रुपयांत होतो, तो काढल्याशिवाय विमानात बसू नका.

आता शेजारच्या वहिनींचं. त्या घरी काज-बटण करतात, मिस्टरांचं व्हिसाचं चाललंय, परवा वाण घेताना विचारत होत्या की आधी स्पोकन इंग्लिश लावू का ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडा शिवायची मशीन, शिकू, दोन्हीला पैसे पुरत नाहीत. वहिनी, ओव्हरलॉक. एमआयडीसीत ओळखीने कुठंतरी सहा महिने बसा, सिंगल नीडलवर, म्हणजे साध्या एका सुईच्या मशीनवर, पण हात साफ करून घ्या, आणि तासाचा दर किती, किती तास, सुट्टीचे पैसे आहेत का, पगार कुठल्या वारी, एवढे चार-पाच प्रश्न रोज रात्री जेवणं झाली की पोरीकडून म्हणवून घ्या, ती सेमी इंग्लिशला आहेच, आईची परीक्षा घ्यायला तिलाही मजा येईल.