येऊरला आग पेटवायला शिकले

जंगलात तग धरायचा म्हणजे किडेबिडे खायचे, ही टीव्हीने करून दिलेली समजूत ठाण्याजवळच्या येऊरला, जंगलात तग धरायला शिकवणाऱ्या वर्गात, पहिल्याच रविवारी निकालात निघाली. शिकवणाऱ्या सरांनी आम्हाला बराच वेळ नुसतं बसवून ठेवलं. वाट चुकली की आधी बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, आजूबाजूला बघायचं, मग पाय उचलायचा. माणूस डोंगरात मुरलेला, पण बोलणं बँकेतल्या कॅशियरसारखं, मोजून.

वर्ग एका खासगी वाडीत भरायचा. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जाळ करायला बंदी आहे आणि सर त्या बाबतीत भलतेच कडक. बिबट्यांचा मुलूख, म्हणून अंधाराआधी खाली उतरायचं, हेही ठरलेलं.

खरी दमछाक केली ती आगीने. ऑगस्टचे दिवस, सगळं चिंब. आम्ही जमिनीवरच्या काटक्यांचा भारा आणला, तो सरांनी बाजूला ठेवायला सांगितला. झाडावरच अडकून वाळलेली मनगटाएवढी फांदी घेऊन त्यांनी कोयत्याने उभी चिरली. साल काळी, ओली. आतला गाभा पांढरा, खडखडीत कोरडा. त्या गाभ्यावर सुरी हलक्या हाताने फिरवायची, पातळ साळपं काढायची, पण तोडायची नाहीत. काठीलाच गुच्छासारखी लटकू द्यायची. कडा पातळ असल्या की लवकर पेट घेतात. खाली आडव्या काटक्यांचा थर, नाहीतर ओली जमीन उष्णता ओढून घेते. मग पिंजलेली नारळाची शेंडी आणि फेरो रॉडची, म्हणजे घासली की ठिणग्या पाडणाऱ्या धातूच्या कांडीची, ठिणगी. शेंडी धुमसायला लागली की लांब, सावकाश फुंकर. माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या तेव्हा कुठे ज्योत उभी राहिली.

सरांच्या स्वतःच्या पिशवीत मात्र प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दोन लायटर! “लायटर असताना दगड कशाला घासायचे हो?”

पाण्याचं सोपं: फडक्याने गाळ जातो, जंतू जात नाहीत, खळखळून उकळी आली की निदान 1 मिनिट उकळू द्यायचं. सापांवर मात्र वाद झाला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या दंशावर “आमच्या गावी दोरीच आवळतात” असं एक काका म्हणाले. सर म्हणाले, “दोरीने विष थांबत नाही, पाय मात्र जाऊ शकतो.” चिरायचं नाही, चोखायचं नाही, पाय हलू न देता फळीला बांधायचा आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठायचं.

खाण्याचा धडा सगळ्यात छोटा. “दोन दिवसांच्या उपासाने कोणी मरत नाही, भलता कंद खाऊन मरतं.” किडे खायच्या तयारीने आलेला कॉलेजचा पोरगा हिरमुसला. त्याच्या हाती सरांनी शिट्टी दिली: ओरडून घसा बसतो, त्यापेक्षा तीनदा वाजव, थांब, पुन्हा तीनदा. तो इतका मनापासून वाजवत बसला की पाड्यावरची माणसं धावत आली, कोण हरवलं म्हणून.