थंडीत दही लागत नाही तेव्हा

हिमालयात बर्फ पडला आणि वारा उत्तरेचा झाला की दोन-तीन दिवसांत ठाण्यातही हुडहुडी भरते, येऊरच्या पायथ्याशी तर जरा जास्तच. खोबरेल तेल बाटलीत गोठलं, म्हणजे घरात २४ अंशांच्या खाली गेलंय. मग विरजणाचं नेहमीचं गणित चालत नाही.

अर्धा लिटर दूध उकळून निववा. करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता यावं, इतकं कोमट हवं; साधारण ४० ते ४५ अंश. जास्त गरम असेल तर विरजणातले जिवाणू मरतात आणि सकाळी नुसतं दूधच मिळतं. एरवी एक चमचा विरजण पुरतं, थंडीत दीड घ्या, पण आंबट नको. नीट घुसळून डबा जुन्या शालीत गुंडाळा आणि बंद ओव्हनमध्ये किंवा पिठाच्या डब्यांमागे ठेवा. दहा-बारा तास लागतील. मध्येच उघडून हलवलंत तर दही फुटतं, पाणी सुटतं. इडलीच्या पिठालाही हीच ऊब द्या.

दह्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे गॅस गिझर. थंडी वाजते म्हणून न्हाणीघराच्या काचपट्ट्या कागद लावून बंद करू नका, कृपा करून. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली तर गिझर बंद करून मेकॅनिकला बोलवा. मुलांना अंघोळ घालताना आधी बादली भरा, गिझर बंद करा, मगच दार लावा.