उजवी नाकपुडी

फाइलमध्ये तीन वर्षांचे कागद होते आणि प्रत्येकावर निदान एकच: सायनस. अँटिबायोटिकचे चार कोर्स, स्टिरॉइडचा स्प्रे, मिठाच्या पाण्याने नाक धुणं. महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. पेशंट साठीच्या आसपासचे. नाक कुठल्या बाजूने चोंदतं, असं विचारलं तर म्हणाले, "उजवीच. डावी कधीच नाही." हे मी चाळलेल्या एकाही कागदावर नव्हतं.

बारा आठवड्यांहून जास्त टिकतो तो जुना सायनस. तो, आणि त्यातले पॉलिप म्हणजे नाकातले मऊ फुगवटे, सहसा दोन्हीकडे असतात. एकाच बाजूला असलं की वरच्या दाढेचा संसर्ग, बुरशीचा गोळा आणि गाठ ही तीन नावं डोक्यात यायला हवीत. मग पुढचे प्रश्न: शेंबडात रक्त? गाल बधिर? वरचे दात हलतात, कवळी नीट बसेनाशी झाली? डोळ्यातून सतत पाणी, दोन-दोन दिसणं? यांना एवढंच होतं की शिंकरताना अधूनमधून रक्ताची रेघ दिसायची. नाक कोरडं पडलं असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं.

नाक बधिर करून दुर्बीण घातली. साधा पॉलिप सोललेल्या द्राक्षासारखा दिसतो, फिकट आणि ओलसर. टोचला तरी सहसा रक्त येत नाही. इथे तुतीसारखा खडबडीत, लालसर मांसाचा गोळा होता आणि कापसाची कडा लागताच रक्त आलं. तुकडा तिथल्या तिथे घ्यायचा मोह होतो. पण गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली असू शकते किंवा मेंदूचं आवरणच खाली उतरलेलं असू शकतं, म्हणून आधी स्कॅन.

सीटीत उजव्या गालामागचं सायनस, म्हणजे हाडातली पोकळी, पूर्ण भरलेलं होतं आणि भिंतीवर एका ठिकाणी हाड पुटकुळीसारखं जाड झालं होतं. इनव्हर्टेड पॅपिलोमा म्हणजे आतल्या बाजूला वाढणारी, मुळात निर्धोक गाठ. तिचं मूळ बहुधा अशाच जागी असतं. साठलेला द्राव कुठला आणि गाठ कुठली, हे मात्र सीटी नीट सांगत नाही, एमआरआय सांगतो. त्यात गाठीला मेंदूच्या वळ्यांसारख्या घड्या दिसत होत्या, फक्त मागच्या कोपऱ्यात त्या पुसल्या गेल्या होत्या. बायोप्सी मुद्दाम त्याच कोपऱ्यातून, खोलवरून घेतली. वरवरचा तुकडा घेतला असता तर रिपोर्ट कदाचित निर्धोक आला असता. आला तो असा: इनव्हर्टेड पॅपिलोमा आणि त्यातच स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. या गाठींपैकी साधारण 5 ते 10 टक्क्यांत कॅन्सर सापडतो.

मुलाने विचारलं, "डॉक्टर, सायनस अंगावर काढला म्हणून हे झालं का?" जुना सायनस असलेल्यांमध्ये नाक-घशाचा कॅन्सर काहीसा जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. पण सायनसचं निदान झाल्यावर थोड्याच दिवसांत सापडलेला कॅन्सर बऱ्याचदा आधीपासून तिथे असतो, फक्त त्याला सायनस म्हटलेलं असतं. इथेही गाठीलाच सायनस म्हटलं गेलं असावं, असं माझं मत. हा कॅन्सर मुळात इतका विरळा आहे की दोन्ही बाजूंच्या साध्या सायनसवाल्याने त्याच्या धास्तीने झोप उडवून घेऊ नये. लाकडाचा भुसा, चामड्याची धूळ, निकेल आणि तंबाखू यांचा धोका मात्र पक्का सिद्ध झालेला आहे.

ऑपरेशनमध्ये गाठ काढून मुळाजवळचं हाड ड्रिलने घासलं, मग रेडिएशन दिलं. पुढची काही वर्षं ठरावीक अंतराने दुर्बीण घालावी लागेल. अशा गाठी उशिराही उलटतात.

फाइलच्या तळाशी एक जुना कागद निघाला. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे याच बाजूचा 'पॉलिप' काढलेला होता, पण पॅथॉलॉजीचा रिपोर्ट जोडलेला नव्हता. मांस तपासायला पाठवलंच नव्हतं. आमच्याकडे डिब्रायडरच्या, म्हणजे मांस कापून ओढून घेणाऱ्या यंत्राच्या, जाळीत अडकलेला चुरासुद्धा तपासणीसाठी फॉर्मॅलिनमध्ये जातो. बाटल्या दोन, एकीवर 'उजवी' आणि दुसरीवर 'डावी'.